पेवात कंदील सोडला नाही

१

अरिहंत चौगुले पेवात उतरला आणि पुन्हा जिवंत वर आला नाही. वर, पेवाच्या तोंडाशी ठेवलेल्या त्याच्याच यंत्रावर तेव्हा हिरवा दिवा जळत होता. हिरवा म्हणजे खाली हवा चांगली आहे, उतरा.

सांगलीबाहेर हरिपूरच्या रस्त्याला, नदीकाठच्या मातीत हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेलं कोठार आणि वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. तोंड लिंपून टाकलं की आतली हळद वर्षानुवर्षं टिकते, पण आतली हवा मरते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा आणि तो विझला तर कुणी उतरायचं नाही, ही इथली जुनी रीत. अरिहंतचे वडील एकदा घाईत कंदील न सोडता उतरले आणि गेले. लेकाने इंजिनिअर होऊन कंदिलाच्या जागी यंत्र बनवलं, आणि तोही तसाच गेला. नशिबाला दुसरं घरच सापडत नव्हतं की काय!

मी राजेश्वरी घोरपडे, साताऱ्याची. लष्कराच्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली. वस्तू जवानाच्या हातात पडण्याआधी ती मोडून बघायची, ही माझी नोकरी. निवृत्त झाल्यावर मला एका सरकारी निधीच्या समितीवर घेतलं. हा निधी मोठा अजब आहे. बँक ज्यांना दारात उभं करत नाही अशा नव्या, धोक्याच्या यंत्रांना पैसा बुडेल हे धरूनच सरकार तो देतं. पुढचा हप्ता हवा असेल तर मात्र यंत्र किती तयार झालंय ते पायरी-पायरीने मोजलं जातं. टेबलावर चाललं तर खालची पायरी. खऱ्या जागी, खऱ्या माणसांत चाललं तर वरची. अरिहंतला वरची पायरी हवी होती. आमची समिती दुसऱ्या दिवशी येणार होती आणि त्या सकाळी तो रंगीत तालीम करत होता.

समितीतल्या बाकीच्यांनी फोनवरच निकाल लावला होता. 'यंत्र नापास' असं लिहा आणि विषय संपवा म्हणाले. माझा स्वभाव हट्टी. न बघता मी भाजीसुद्धा घेत नाही.

चौगुल्यांच्या घरी गेले तेव्हा अरिहंतची आई, चंदनबाला, सोप्यात बसल्या होत्या. एवढ्या दुःखातही त्यांनी चटई टाकण्याआधी जमिनीवर नजर फिरवली आणि दोन मुंग्या हलक्या हाताने बाजूला केल्या. चातुर्मास चालू होता, आणि जैनांच्या घरात या दिवसांत जिवाजंतूंची काळजी अधिकच. मोरीतल्या नळाला पाणी गाळायचं पांढरं फडकं बांधलेलं होतं. सुनेने, प्रीतीने, मला तेच पाणी दिलं.

"बाई," चंदनबाला म्हणाल्या, "पोलीस म्हणत्यात, त्येचं यंत्र खोटं बोललं. माझ्या लेकानं आयुष्यात कुणाला फसवलं न्हाई. त्येचं यंत्र त्येलाच फसवंल व्हय?"

"मी बघते, आई. जे असेल ते तुम्हाला सांगते."

"गोड करून सांगू नका. कडू असंल तर कडूच सांगा. शब्द द्या."

मी शब्द दिला. दाराशी उभ्या असलेल्या प्रीतीच्या हातातला तांब्या त्याच वेळी खाली पडला.

२

अरिहंतचा भागीदार वीरधवल रहिमतपूरचा. तीन पिढ्या फौजेत, आणि हा एकटाच यंत्रं जुळवत बसलेला. पोलिसांनी त्याला रोज ठाण्यात बोलवायला सुरुवात केली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागणार अशी गावात बोलवा होती. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि तोंड फिरवलं.

यंत्र साधं होतं. वर एक डबा, त्यावर लाल-हिरवा दिवा. डब्यातून लांब वायर, आणि वायरच्या टोकाला मुठीएवढं धातूचं बोंडूक. बोंडकाच्या तोंडाला फिरकीचं झाकण, झाकणाला भोकं. आतला छोटा पंप त्या भोकांतून हवा ओढायचा आणि ती माणसाला जगवेल का ते यंत्र सांगायचं.

"हे बोंडूक त्या दिवशी तळापर्यंत गेलं होतं?" मी विचारलं.

"गेलं होतं, मॅडम. मी सोडलं. माझ्या हातानं." त्याचा आवाज फुटला. "हिरवा लागला. हमाल उतरणार होता, तर अरिहंत म्हणाला, पहिला मीच. माझ्या यंत्रावर दुसऱ्याचा जीव लावणार न्हाई."

मी वायर बघितली. पेवात जे जातं ते पिवळं होऊन येतं. वायर पिवळी होती, बोंडूक पिवळं होतं, झाकणाच्या भोकांच्या कडासुद्धा पिवळ्या होत्या. मी झाकण फिरवून काढलं. आत धूळ अडवायची कागदी चकती असते.

ती पांढरीशुभ्र होती.

"ही बदललीस?"

"न्हाई. पोलिसांनी यंत्र सील केलं तसंच हाय. आजच परत दिलं." तो पुढे झुकून चकती बघू लागला. पंप हवा ओढत होता तर चकती पिवळी व्हायला हवी होती. बोंडूक तळाला गेलं, सगळं माखलं, आणि यंत्राच्या नाकात मात्र हळदीचा कणही गेला नाही.

"नाक चोंदलं तर हे यंत्र ओरडत नाही?"



"ओरडायचं," वीरधवल म्हणाला. "शिट्टी होती. हळदीच्या धुळीनं उगाच वाजायची. अरिहंतनं बंद केली. म्हणाला, समितीपुढं वाजली तर यंत्र कच्चं म्हणतील, पास झाल्यावर सुधारून परत लावू. मी लय भांडलो त्येच्याशी. म्हटलं, गड्या, तालीम पुढं ढकल. ऐकलं न्हाई."

म्हणजे आमच्या पायऱ्या चढायच्या म्हणून त्याने यंत्राचं तोंड बांधलं होतं. मला त्या समितीच्या खुर्चीची पहिल्यांदाच चीड आली.

३

पेवाचे मालक धनपाल मगदूम हळदीचे जुने व्यापारी. त्यांनी मला पेवाच्या तोंडाशी नेलं आणि लगेच वीरधवलवर घसरले.

"त्यो फौजीचा पोरगाच जबाबदार. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ह्या कानांनी ऐकलंय."

"कशावरून?"

"तयार हाय का न्हाई, ह्यावरनं. एक म्हणतोय उद्याच, दुसरा म्हणतोय थांब. कोण काय म्हणत हुतं ते काय मला ऐकू आलं न्हाई."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी होती. थांब म्हणणारा वीरधवल होता आणि गाव त्यालाच घाई करणारा समजून बसलं होतं.

"आणि कंदील? तुमच्या पेवावर कंदील सोडल्याशिवाय माणूस उतरला कसा?"

धनपालांनी टोपी काढून हातात घेतली. "मी कंदील पेटवून आणला हुता, बाई. पोरगं हात जोडून म्हणालं, काका, तालमीत कंदील सोडला तर उद्यापण सोडावा लागंल. समिती म्हणंल, तुमचाच तुमच्या यंत्रावर इश्वास न्हाई. मी फुंकर मारून इझवला." त्यांचे डोळे भरले. "बापाच्या टायमाला मी गावात नव्हतो. लेकाच्या टायमाला हुतो, आणि माझ्याच तोंडानं इझवला."

आता तो कंदील आणायला मी सांगितलं, आणि वीरधवललाही यंत्र घेऊन बोलावलं. पेव त्या दिवसानंतर पुन्हा बंद केलेलं होतं. ते उघडलं आणि कंदील दोरीने खाली सोडला. अर्ध्यात जाताच ज्योत आखडली, मग विझली. त्या काळोखात वीरधवलने तेच यंत्र, त्याच पांढऱ्या चकतीसह सोडलं.

लाल दिवा लागला. लगेच, ठसठशीत.

वीरधवल गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. यंत्र चांगलं होतं. मी बोंडूक वर घेतलं आणि झाकण काढलं. चकती पिवळी झाली होती.

मग झाकणाच्या आट्यांत मला काहीतरी दिसलं. पांढऱ्या सुताचा एक बारीक धागा.

४

चकती आणि झाकण यांच्या मधे त्या दिवशी कापड होतं. ते कुणीतरी घातलं, आणि मरणानंतर कुणीतरी काढलं. पोलिसांनी सील करायच्या आत हे दुसरं काम झालं होतं.

"अरिहंतला बाहेर काढलं तेव्हा यंत्र कुणापाशी होतं?" मी विचारलं.

"कुणाला शुद्ध हुती?" धनपाल म्हणाले. "आमी समदी त्येच्याभोवती. प्रीती धावत आली हुती. ती तेवढी यंत्रापाशी बसल्याली. नवऱ्याकडं न बघता यंत्राकडं बघत हुती. मला वाटलं, पोरीला भ्रम झाला."

वीरधवल चटकन म्हणाला, "वहिनीचं नाव घेऊ नका, मॅडम. तिनं असलं काय केलं नसंल. तीपण इंजिनिअर हाय, यंत्र जुळवायला आमच्याबरोबर बसायची. पायजे तर माझ्यावर घ्या."

"तुझ्यावर काय घ्यायचं ते पोलीस बघतायत. मला एवढंच सांग, आदल्या संध्याकाळी यंत्र कुठे होतं?"

"घरात. सोप्यात. दिव्याखाली चालू करून बघितलं." त्याला काहीतरी आठवलं आणि तो किंचित हसला, त्या आठवड्यातलं पहिलं हसू असावं. "चिलटं लय होती. भोकांतनं आत ओढली जायला लागली. आई आमच्यावर ओरडल्या, जीव जात्यात रं! अरिहंत म्हणाला, आई, त्येलापण नाक हाय, श्वास घेणारच. मग तसंच ठेवून झोपलो."

मी घरी परत गेले तेव्हा दार उघडं होतं. चंदनबाला मंदिरात गेल्या होत्या. मागच्या अंगणात प्रीती दगडावर काहीतरी साबण लावून घासत होती. मला बघून तिने ते इतर धुण्याखाली सरकवलं. एक कोपरा बाहेर राहिला. पांढरं, चौकोनी, हाताने शिवलेल्या काठाचं फडकं, आणि त्यावर तांबूस ठिपके.

"रक्त आहे का ते?" मी विचारलं.

"कुंकू सांडलंय," ती म्हणाली.

मी ते फडकं उचललं. ठिपके विस्कटलेले नव्हते. मधे एक आणि त्याच्याभोवती गोल कडं, कुणी मुद्दाम रांगोळी काढावी तसे. मी पिशवीतून बोंडकाचं झाकण काढलं आणि फडक्यावर ठेवलं.

भोकं आणि ठिपके बरोबर जुळले.

५

"हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, प्रीती. हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं."

ती खाली बसली. मीही तिच्याजवळ दगडावर बसले. वीरधवल माझ्यामागून आला होता, तो दारातच थांबला. मी जे जुळवलं होतं ते सांगितलं, कारण ते तिच्या तोंडून वदवून घेणं क्रूरपणा झाला असता.

ज्या घरात नळातल्या पाण्यालाही गाळणं लागतं त्या घरात एक यंत्र श्वासाबरोबर चिलटं गिळत होतं. लेकाने हसून सोडून दिलं. आईने सोडलं नाही. पहाटे उठून त्यांनी एक स्वच्छ फडकं धुतलं, पिळलं, बोंडकाचं झाकण फिरवून काढलं, चकतीवरची चिलटं हलकेच झटकली आणि नळाला लावावं तसं फडकं आत लावून झाकण परत बसवलं. भोकांतून पांढरंच दिसायचं, चकतीही पांढरीच, म्हणून कुणाला कळलं नाही. पण फडकं ओलं होतं, घट्ट विणीचं, दुहेरी. पंपाच्या ओढीने ते भोकांना चिकटलं आणि श्वास बंद झाला. बोंडकात घरची चांगली हवा अडकलेली होती. यंत्र पेवाच्या तळाशी गेलं आणि घरचीच हवा मोजत राहिलं. शिट्टी असती तर वाजली असती.

"त्यांच्या हातून जंतूही मरू नये म्हणून त्यांनी ते केलं," मी म्हणाले.

प्रीती डोळे न पुसता बोलू लागली. "यंत्र का चुकलं ते बघायला मी झाकण काढलं. फडकं दिसलं. काठ बघितला आणि कळलं कुणाचं. आईंची टीप मी ओळखते. झाकण परत लावलं आणि फडकं पदरात घातलं."

"जाळलं का नाहीस?"

"आई फडकी मोजून ठेवतात. एक कमी पडलं की शोधतील. धुऊन जागेवर ठेवायचं होतं. रोज धुते. जास्त घासलं की जास्त लाल होतं." तिने वीरधवलकडे बघितलं. "भावजी, तुमाला पोलीस बोलवत होते आणि मी गप्प बसले. मला माफ करू नका. पण आईंनी आधीच एक माणूस पेवात घालवलाय. ह्यो दुसरा त्यांच्या हातानं गेला असं कळलं तर त्या दुसऱ्या दिवशी उठायच्या न्हाईत."

वीरधवल पुढे आला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वहिनी, मला आत टाकलं असतं तरी चाललं असतं. ह्ये मीपण त्यांना सांगितलं नसतं."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं की मी शब्द देऊन बसले आहे.

६

इन्स्पेक्टरांना मी खरं ते सगळं सांगितलं. भला माणूस निघाला. बऱ्याच वेळाने त्यांनी 'अपघात' असं लिहिलं, आणि वीरधवलला पुन्हा बोलावणं आलं नाही.

समितीला मी लिहिलं की यंत्र नापास नाही, पण वरची पायरीही देता येत नाही. ते प्रयोगशाळेत तयार आहे, घरात तयार नाही. कुठलंही यंत्र शेवटी कुणाच्या तरी घरात जातं, आणि घरात त्याच्यावर माया करणारी, त्याला पुसणारी, झाकणारी माणसं असतात. नाक झाकलं की हे यंत्र ओरडलंच पाहिजे, उगाच ओरडलं तरी चालेल. शिट्टी परत लावायला वीरधवलला निधीने पैसे द्यावेत, आणि तयार यंत्राने ओरडायचं नसतं हा समज आमच्याकडून पसरला असेल तर तो आम्हीच मोडावा. तोवर शहरातल्या गटारांत उतरणाऱ्या माणसांना हे यंत्र देऊ नये. त्यांची मागणी आलेली होती.

चंदनबालांना सांगायचं राहिलं होतं. माझी जन्माची नोकरी मोडायचीच, पण वस्तू मोडायची. माणूस मोडायला मी कधी गेले नव्हते. संध्याकाळी गेले तेव्हा त्या मोरीपाशी बसून नळाचं फडकं बदलत होत्या. प्रीती आत दिवाबत्ती करत होती.

"आलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसा. यंत्र खोटं बोललं का वो?"

"नाही, आई. यंत्र खरं होतं. त्याचा श्वास अडला होता."

त्यांनी मान हलवली. मी तोंड उघडलं, आणि त्यांनी ओला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"पुढचं नका सांगू. ठाऊक हाय मला. तिसऱ्या दिवशी फडकं दोरीवर वाळत हुतं. माझ्या हातची टीप, आणि त्या झाकणाचे ठिपके. मी सोताच लावलं हुतं, मला कळणार न्हाई व्हय?"

"मग मला शब्द कशाला द्यायला लावलात?"

"तुमी तरी 'न्हाई' म्हणशीला, असं वाटलं. दुसरं काय कारण निघंल. आईचं मन वेडं असतंय." त्यांनी नळाच्या गाठीवरून बोट फिरवलं. "जंतू वाचवायला गेले, बाई. समदा जन्म जपून पाऊल टाकलं, आणि पाय पडला तो कुणावर!"

त्या रडल्या नाहीत. मीच रडत होते.

"प्रीतीला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला कळलंय ह्ये तिला कळू देऊ नका. रोज ती फडकं घासती आणि माझ्यापासनं लपवती. माझ्यासाठी जेवती, माझ्यासाठी उठती. मला जपायचं येवढंच काम तिला उरलंय. त्ये गेलं तर ती कशावर जगंल?"

"आणि तुम्ही?"

"मी? मला तिच्यापासनं लपवायचं हाय की. माझंपण तेवढंच काम."

आतून प्रीतीने हाक मारली. "आई, दिवस मावळायला आला. पाणी गाळून ठेवलंय, पिऊन घ्या."

रात्री त्या घरात कुणी पाणी पीत नसे. चंदनबालांनी पदराने तोंड पुसलं, आवाज नीट केला आणि रोजच्यासारखं ओ देऊन म्हणाल्या, "आले गं बाळा." मग भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या.